शिकायला गेलेले दत्तराव

माझी धाकटी बहीण म्हाळसाबाई हिचे मालक दत्तराव १९५२ च्या ऑगस्टात अमेरिकेला गेले. मी तेव्हा वालूरच्या शाळेत मास्तर होतो आणि गावातला जगाचा एकमेव नकाशा माझ्या वर्गात टांगलेला होता. दत्तरावांचे वडील येडबा एके दिवशी घोंगडी सावरत वर्गात आले आणि मुलगा कुठं चाललाय ते दाखवा म्हणाले. मी वालूरच्या जागी बोट ठेवलं आणि समुद्रावरून सरकवत सरकवत मोंटाना नावाच्या राज्यावर नेलं. तिकडं मेंढ्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. पुष्कळ आहेत, त्यांचंच शिकायला चाललेत, असं मी सांगितलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं आणि ते आपल्या खांडाकडं, म्हणजे मेंढरांच्या कळपाकडं, परत गेले.

घर मेंढरं राखणारं. उन्हाळ्यात लोकांच्या वावरात मेंढ्या बसवायच्या, पावसाळ्यात जिंतूरकडच्या डोंगरात न्यायच्या, असा त्यांचा वर्षाचा फेरा. दत्तराव त्यात वेगळे निघाले. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले, हैदराबादला जाऊन शेतकीचा दोन वर्षांचा कोर्स केला. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा ते तिथंच होते. पुढं एक अमेरिकन प्रोफेसर मेंढ्यांच्या जाती बघायला तिथं आले. दत्तरावांनी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी लोकर चाचपून, मेंढी किती वर्षांची आणि कोणत्या पाण्यावर वाढलेली हे सांगितलं. प्रोफेसरांनी त्यांना आपल्याकडच्या कॉलेजात अर्ज करायला लावला. फी माफ झाली. बोटीचं भाडं पाहुण्यारावळ्यांनी मिळून उभं केलं.

व्हिसासाठी ते मुंबईला जाऊन आले. तिथल्या साहेबानं एक कागद त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि मग सही घेतली. दर सत्रात पूर्ण अभ्यासक्रम घ्यायचा, कॉलेज सोडायचं नाही, परवानगीशिवाय कुठं पगारी काम करायचं नाही. परत आल्यावर दत्तराव मला म्हणाले, "मास्तर, कागद लय साधा हाय. शिकायला म्हणून जायचं आन् शिकायचंच."

म्हाळसाच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती एकवीस वर्षांची होती. सेलूच्या स्टेशनावर ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली. गाडी हलल्यावर सगळे माघारी वळले तरी ती रुळांकडं बघत थांबली होती, आणि मी हाक मारली तेव्हा दचकली.

पहिल्या वर्षाची पत्रं भरभरून असत. निळ्या हवाईपत्राच्या सगळ्या बाजू शाईनं भरलेल्या, कडेलासुद्धा आडवं लिहिलेलं. पत्रं माझ्या नावानं शाळेत येत. म्हाळसा आणि तिची सासू भिवराबाई दोघी शाळा सुटल्यावर यायच्या आणि व्हरांड्यात बसायच्या. मी वाचून दाखवायचो. बर्फ कसा असतो, वाटाण्याची डाळ करून कशी खातात, शेजारच्या खोलीत पंजाबातला एक सोबती आहे, असं सगळं त्यात असे. भिवराबाईंचा प्रश्न दर वेळी एकच, तो पोटभर जेवतो का. म्हाळसा काही विचारायची नाही. सासू उठून पुढं गेली की म्हणायची, "भाऊ, आजून एकदा वाच."

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९५३ ला, कॉलेजच्या सुट्टीत दत्तरावांनी कॉलेजकडून रीतसर परवानगीची चिठ्ठी घेतली आणि ओल्सन नावाच्या एका मेंढीवाल्याकडं तीन महिने काम केलं. तेव्हाचं पत्र सगळ्यात लांब होतं. बाराशे मेंढ्या, दोन कुत्री, एक घोडा आणि राहायला चाकांवरची लाकडी खोली, तिच्यात चूलसुद्धा. जून लागला की खांड डोंगरावर चढवायचं आणि बर्फ पडायच्या आत उतरवायचं. त्यांनी लिहिलं होतं की मेंढ्यांना आधी आपली हाक कळेना, पण पंधरा दिवसांत त्या मराठी शिकल्या. शेवटी होतं, "हितं आल्यावर पैल्यांदा माझा जीव थाऱ्यावर आला."

मी ते वाक्य वाचलं आणि म्हाळसाकडं बघितलं. ती हसत होती. मला मात्र थोडं चमत्कारिक वाटलं. दहा महिने कॉलेजात त्यांचा जीव कुठं होता, हे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

ते मला पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. उर्दूतून शिकलेल्या माणसाला तिथलं रसायनशास्त्र इंग्रजीतून झेपेना. प्रोफेसर चांगले होते, थांबून थांबून सांगायचे, तरी निम्मं डोक्यावरून जायचं. दुपारी चारला अंधारून येई आणि खोलीत बसलं की भिंती अंगावर येत. लोकर हाताला लावायला मिळे ती आठवड्यातून एकदा, प्रयोगशाळेत, तीही धुतलेली, वासाशिवायची. "वर्गात माझं नाव पुकारलं तरी ते दुसऱ्याच कुणाचं वाटायचं," असं ते म्हणाले. उन्हाळा संपवून कॉलेजात परतल्यावर, १९५३ च्या डिसेंबरातल्या परीक्षेत, ते रसायनात नापास झाले. जानेवारीत नव्या सत्राला नाव घालायचं होतं. त्याच आठवड्यात ओल्सन गावात आला. त्याचा एक मेंढक्या सोडून गेला होता. त्यानं विचारलं, येतोस का. दत्तरावांनी परवानगीचं काढलं तर तो म्हणाला की वर डोंगरात कागद बघायला कुणी येत नाही.

एक सत्र काम करू, डोकं शांत होईल, घरी चार पैसे पाठवू आणि उन्हाळ्यानंतर परत नाव घालू, असा त्यांनी विचार केला. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. पंजाबी सोबत्याला फक्त पत्रं पुढं पाठवायला सांगून ठेवलं.

आमच्याकडं एवढंच दिसलं की पत्रं बदलली. शाई गेली आणि पेन्सिल आली. मजकूर चार-पाच ओळींचा. अभ्यास ठीक चालू हाय, थंडी हाय, माझी काळजी करू नका. पेन्सिल का, ते मला तेव्हा कळलं नाही. चाकांवरच्या त्या खोलीत शाई गोठून दौत फुटली होती.

आता जे सांगतो ते मला सांगायला जड जातं. ती चार ओळींची पत्रं वाचताना समोर बहीण बसलेली असे. मला राहवेना. मी पदरचं घालून वाचायला लागलो. 'म्हाळसाला सांगा, तिच्या हातच्या भाकरीची आठवण येते.' 'सणाला तिच्यासाठी लुगडं घ्यावं.' एकदा सुरू केल्यावर थांबता येईना, कारण ती त्या वाक्यांसाठीच यायची.

तिकडं काय चाललं होतं याची आम्हांला कल्पना नव्हती. फेब्रुवारीत वादळात चुकलेली मेंढरं शोधताना दत्तरावांचा डावा पाय बर्फात गोठला. बोटं काळी पडली. दवाखाना चाळीस मैलांवर होता, पण डॉक्टर नाव-गाव विचारेल, कागद मागेल, या भीतीनं ते गेलेच नाहीत. चुलीपाशी बसून पाय शेकत राहिले. दोन बोटं गेली. ओल्सन दुसऱ्या मेंढक्यांना देई त्याच्या निम्माच पगार त्यांना देई, आणि तोही अडकवून ठेवी. तक्रार कुणाकडं करणार? त्याच महिन्यात कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी त्यांना पत्र टाकलं होतं. वर्गात दिसत नाही, आजारी आहेस का, मार्चच्या पंधरा तारखेच्या आत येऊन भेट, अजून काहीतरी करता येईल, असं त्यात होतं. ते पत्र फिरत फिरत त्यांच्या हातात पडलं तेव्हा मार्च संपत आला होता. त्या दिवशी ते घोड्यावर खोगीर घालून अंगणात उभे राहिले, आणि मेंढ्या व्यायला लागल्या आहेत म्हणून पुन्हा खोगीर उतरवलं. "तवा गेलो आसतो तर," एवढं म्हणून ते थांबत.

१९५४ च्या ज्येष्ठात भिवराबाई वारल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी त्याच दिवशी कॉलेजच्या पत्त्यावर पत्र टाकलं. एक महिना गेला, दोन गेले. म्हाळसा रोज पोस्टमन लिंबाजीच्या वाटेवर उभी राहायची. येडबा एकदा मला म्हणाले की पोराला माय गेल्याचं कळून गप बसवत नसतं, त्याला कळलंच नसंल. त्यांचंच खरं होतं. सोबती सुट्टीत बाहेरगावी होता आणि दत्तराव डोंगरावर. आई गेल्याचं त्यांना भादव्यात कळलं. त्यांचं उत्तर आलं ते तीन ओळींचं, पेन्सिलीनं, आणि त्यात लिहिलं होतं की परीक्षा चालू असल्यानं उशीर झाला. मला शाळामास्तराला एवढं माहीत होतं की तिथं त्या महिन्यांत सुट्टी असते. मी ते वाक्य म्हाळसाला वाचून दाखवलं नाही. त्या जागी दुसरंच काहीतरी वाचलं.

आता म्हाळसाबद्दल सांगायला हवं. दत्तराव गेल्यावर सहा महिन्यांनी तिनं मला अक्षरं शिकव म्हटलं होतं. कुणाला सांगायचं नाही या अटीवर. मेंढरांमागं जाताना पाटी ती पदराखाली न्यायची. शिकवण्याचा मला एवढा अनुभव, पण इतक्या जिद्दीचा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. त्या तीन ओळींच्या पत्रानंतर तिनं सगळी पत्रं मागितली. माझी मी वाचून बघते, म्हणाली. मला कारण सांगून टाळता आलं असतं. मी दिली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. हातात गठ्ठा होता.

"भाऊ, ह्याच्यात भाकरीचं कुठंच न्हाई."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"लुगड्याचं बी न्हाई. माझं नावच न्हाई कवापासून."

मी तिला म्हणालो की तुला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं. ती रडली नाही. गठ्ठा नीट बांधला आणि म्हणाली, "इतके म्हैने मी तुझ्याच बोलण्याची वाट बघत व्हते म्हनायचं." मग माझ्याच टेबलावरचा टाक घेतला आणि कागद मागितला. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं पत्र. त्यात दोनच ओळी होत्या. मी ती वाचली, कारण पत्ता मला घालायचा होता. 'मी म्हाळसा लिवते, मला वाचता येतंय. खरं काय ते लिवा.'

ते पत्र सोबत्यानं या खेपेला पुढं टपालानं न पाठवता स्वतः नेऊन दिलं. दत्तराव ओळखू शकले नाहीत की अक्षर कुणाचं आहे. मग सही वाचली. ते सांगतात की ते पत्र घेऊन ते मेंढरांच्या मधोमध जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं. पेन्सिलीनंच, पण सहा पानं. कॉलेज सोडल्याचं, पायाचं, आई गेल्याचं पत्र उशिरा मिळाल्याचं, आणि नंतर परीक्षा म्हणून खोटं लिहिल्याचं. ते पत्र पोस्टात पडायच्या आधीच, दोन दिवसांनी, सरकारी माणूस आला.

कॉलेजनं आपल्या नियमाप्रमाणं कळवलं होतं की हा विद्यार्थी आता आमच्याकडं शिकत नाही. तिथून शोध घेत तो डोंगरावर पोचला. सभ्य माणूस होता. टोपी काढून आत आला, त्यांचं ओळखीचं कार्ड मागून बघितलं आणि म्हणाला की यावर तर विद्यार्थी लिहिलंय. दत्तरावांनी मान हलवली. मेंढ्या कुणाच्या हवाली करायच्या, एवढंच त्यांनी विचारलं. ओल्सननं हा माणूस विद्यार्थी आहे हे मला ठाऊकच नव्हतं, असं सांगून हात झटकले आणि राहिलेला पगारही दिला नाही. दत्तराव एकोणीस दिवस त्या जिल्ह्याच्या तुरुंगात होते. आपल्या खर्चानं देश सोडलास तर नावावर बट्टा लागणार नाही, असं न्यायाधीशांसमोर त्यांना सांगितलं गेलं. खर्चाला जवळ काही नव्हतं. तेव्हा हद्दपारीचा हुकूम झाला आणि पासपोर्टावर तसा शिक्का बसला. आमच्या नावचं सहा पानी पत्र तुरुंगातल्या शिपायानं पोस्टात टाकलं.

ते पत्र म्हाळसानं स्वतः वाचलं. सकाळी सुरू केलं, अडखळत अडखळत दुपारी संपवलं. मग मला बोलावून म्हणाली की ते येतील आता. एवढंच.

ते जानेवारीत आले. कळवलं नव्हतं. सेलूला उतरून चालत निघाले आणि घरी न जाता आधी बापाच्या खांडाकडं गेले. मेंढ्या तेव्हा दुसऱ्याच्या वावरात बसवलेल्या होत्या. येडबांनी लंगडत येणारा माणूस लांबूनच ओळखला.

"शाळा झाली का रं?"

"न्हाई, बा."

येडबांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली आणि दोघं मेंढ्यांच्या कडेनं गावाकडं आले. म्हाळसा दारात होती. तिनं पायाकडं बघितलं, चुलीवर पाणी ठेवलं आणि बूट स्वतः काढला.

गावाला मात्र काही माहीत नव्हतं. गावाच्या दृष्टीनं दत्तराव अमेरिका शिकून आलेले साहेब होते. सुरुवातीला तेही गप्प राहिले. १९५६ ला परभणीला शेतकी कॉलेज निघालं आणि मेंढ्यांची पारख असलेल्या माणसांची तिथं गरज आहे असं कळलं, तेव्हा ते अर्ज करायला गेले. मी सोबत होतो. अर्ज लिहून देणारे आमच्याच ओळखीचे एक गृहस्थ होते, आबासाहेब. त्यांनी सहज सांगितलं की पदवी झाली असं लिहा, मोंटानाला जाऊन कोण विचारणार आहे. मी दत्तरावांकडं बघितलं. त्या एका शब्दानं त्यांचं आयुष्य बदललं असतं, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

"एकदा विद्यार्थी न्हवतो तवा विद्यार्थी म्हणून ऱ्हायलो," ते म्हणाले. "आता पदवी न्हाई ती हाय म्हणून ऱ्हाऊ का? अपूर्ण लिवा."

आबासाहेबांनी खांदे उडवले आणि अपूर्ण लिहिलं. त्यांना मोठी जागा मिळाली नाही. मेंढ्यांच्या गोठ्यावर देखरेखीचं काम मिळालं. शिकून आलेले जनावरांचे तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली लोकर ओळखायला शिकत आणि नंतर त्यांचे वरिष्ठ होत. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वालूरला आले की चावडीवर बसून सगळं खरंखरं सांगत. कुणी बाहेर शिकायला जायचं म्हटलं तर त्याला बोलावून घेत. गावातल्या कडूबाईचा मुलगा भुजंग लंडनला निघाला तेव्हा त्याला त्यांनी बूट काढून पाय दाखवला होता आणि अवघड वाटलं तर आधी कॉलेजातल्या माणसांकडं जा, मदत मागायला लाजू नको, असं बजावलं होतं.

पण एक गोष्ट त्यांच्यातून गेली नाही. १९५८ ला त्यांनी पुन्हा अर्ज केला. राहिलेली दोन वर्षं पुरी करायची होती. म्हाळसा त्यांच्याबरोबर मुंबईला गेली. अर्जात एक प्रश्न होता, तुम्हांला यापूर्वी अमेरिकेतून काढून टाकण्यात आलं आहे का. त्यांनी होय लिहिलं. साहेबानं कागद वाचला आणि आपल्याला वाईट वाटतं असं म्हणून अर्ज परत दिला. बाहेर येऊन दोघं समुद्राच्या कठड्यावर बसले. म्हाळसा मला म्हणाली, "भाऊ, ते रडले आसते तर बरं झालं आसतं."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तरी दरवर्षी मेचा महिना संपत आला की त्यांचं बोलणं कमी होई. जेवताना घास हातात धरून बसत. गोठ्यावरची माणसं म्हणत की साहेबांना उन्हाचा त्रास होतो.

परवाच्या मेअखेरीला, महाराष्ट्र होऊन महिना होत आला तेव्हा, मी त्यांच्याकडं परभणीला गेलो होतो. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. म्हाळसा तांदूळ निवडत होती. दत्तराव उत्तरेकडं बघत होते, तिकडं तसं काहीच नव्हतं, शेजाऱ्याची भिंत आणि वर निंबाचं झाड. मग म्हाळसानं ताटातून मान न उचलता विचारलं, "तितल्या मेंढ्या आता डोंगरावर चढायल्या आसतील न्हवं?"

दत्तरावांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत नवल होतं, जणू आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो डोंगर माहीत असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"आजून आठ दिवसांनी," ते म्हणाले. "बर्फ वितळू द्यावा लागतो."

"वर काय आस्तं?"

ते सांगायला लागले. पिवळी फुलं असतात, वितभर उंचीची, आणि पाणी इतकं थंड की मेंढ्या आधी नुसतं हुंगतात. ती मधूनमधून विचारत राहिली, कुत्र्यांची नावं काय होती, चूल कशावर पेटवायची. दत्तराव हातानं हवेत डोंगराची चढण दाखवत होते. अंधार पडायला लागला तशी मी माझी पिशवी उचलली आणि स्टेशनाकडं निघालो. फाटकातून वळून पाहिलं तर त्यांचं सांगणं चालूच होतं.